निरांजनाचे पाच फेरे

ऐका जिवतीमाये, तुझी कहाणी.

"काही निघालंच नाही, तर पैसे पाण्यात गेले म्हणायचे!" असं एक बाप बंद दाराआड बोलला. ज्या कानी पडू नये त्याच कानी पडलं. दाराआडचं ऐकू नये हे सुनांना शिकवलेलं असतं. पण दाराला फट असेल तर दोष सुताराचा. बाप कोण, दार कुठलं, काय निघायचं होतं? ऐका तर.

एक नगर होतं, आटोपशीर. वेशीला एस्टीचा थांबा, मध्ये बाजार, बाजाराच्या टोकाला पिठाची गिरणी. गिरणीवाल्या घरी सासू होती, दोन मुलगे होते, दोन सुना होत्या. थोरला दिगंबर गिरणी चालवी. त्याला सहा वर्षांची एक लेक, नाव रेणू. धाकटी सून वैशाखात लग्न होऊन आलेली. बोलायची कमी, बघायची फार. सासू शेजारणींना सांगे, "गुणाची आहे हो. मुकीच म्हणा ना."

श्रावण आला. देवघरात जिवतीचा कागद लागला, आघाड्या-दूर्वांची माळ झाली. पहिल्या शुक्रवारी रेणूला पाटावर बसवलं. थोरलीनं निरांजन घेतलं, डोळे मिटले, लेकीला ओवाळू लागली. ज्योत फिरे तशी पोरीची नजर फिरे. मग मधेच नजर थांबली. ज्योत पुढं गेली, डोळे मागं राहिले. एक फेरा झाला, मग पोर भानावर आली. सासू म्हणाली, "पाहिलंत? देवीशी कशी एकरूप झाली!" धाकटीनं पाहिलं. धाकटी गप्प राहिली.

दुसरा शुक्रवार आला. नजर तीन फेरे थांबली. आळीतल्या बाया पोरीच्या पाया पडल्या, एकीनं पुढ्यात नारळ ठेवला. सासू नवस बोलली, "जिवतीला चांदीचं मखर करीन." मखराचे पैसे बटव्यात बांधून देवाखाली ठेवले. धाकटीनं पाहिलं. धाकटी गप्प राहिली.

तिसरा शुक्रवार आला. रेणूच्या हाती दुधाची वाटी होती. नजर पाच फेरे थांबली. वाटी सुटली, परकर भिजला, पोरीला पत्ता नाही. मग भानावर आली, ओला परकर बघितला आणि पुसती झाली, "आजी, दूध कुणी सांडलं?"

"खोटं बोलतेस? देवासमोर?" सासूनं चापट दिली. पाच फेऱ्यांपूर्वी देवी होती, ती आता लबाड ठरली. मग धाकटीला राहवेना.

ती स्वयंपाकघरात गेली. ओवाळणं आटोपून थोरली तिथं पुरण वाटत होती.

"जाऊबाई, ओवाळताना डोळे का मिटता?"

"देवीचं नाव घेते."

मग दुसऱ्यांदा पुसलं. "धूर लागतो."

"तुपाच्या निरांजनाला कसला धूर?" मग तिसऱ्यांदा पुसलं. थोरलीचा हात थांबला.

"उघडे ठेवले की दिसतं गं," ती म्हणाली.

"मग दोघी मिळून बघू. मी आज वसा घेतला, जाऊबाई. दिसेल ते बोलायचं. उतायचं नाही, मातायचं नाही, अर्ध्यावर टाकायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दोघी रेणूला घेऊन एस्टीनं तालुक्याला गेल्या. डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या डोक्याला तारा चिकटवल्या, आलेख काढला. म्हणाल्या, "हे ध्यान नव्हे, बारीक झटके आहेत. शहरात मेंदूचा एमआरआय करून घ्या. आत गाठबीठ नाही ना, कळेल. लहान पोर हललं की फोटो बिघडतो, म्हणून भूल द्यावी लागेल. सगळं मिळून अकरा हजार."

मग घरात उत्तरांची रांग लागली. सासू म्हणाली, "एवढ्याशा जिवाला भूल? आणि पोरीच्या डोक्याचा कागद घरात आला, तर उद्या हिला करून कोण घेईल?" धाकटीचा नवरा तिला म्हणाला, "तू नवीन आहेस. वर्षभर तरी गप्प बस." धाकटीनं पुसलं, "वर्षभर रेणू थांबेल का?" तो चहा प्यायला बाहेर गेला.

थोरल्यानं दार लावून घेतलं आणि बायकोला ते म्हणाला, पैसे पाण्यात जाण्याचं. मोठ्यानं म्हणाला. मग आवाज उतरला. "आणि निघालं, तर मी काय करू गं?" पहिलं बोलणं आळीनंही ऐकलं असेल. दुसरं फक्त त्या फटीनं ऐकलं.

चौथा शुक्रवार आला. बाया जमल्या. कहाणीची पोथी धाकटीच्या हाती दिली, नव्या सुनेनं वाचावी म्हणून. रेणू पाटावर बसली. थोरलीनं निरांजन उचललं, आणि या खेपेला डोळे उघडे ठेवले. नजर थांबली. थोरली मोठ्यानं मोजू लागली, "एक. दोन. तीन. चार." पाचाला तिचा आवाज फुटला.

मग धाकटीनं पोथी मिटली.

"भाऊजी, गिरणीचा आवाज बदलला की तुम्ही काय करता?"

थोरला दारात उभा होता. म्हणाला, "दगड उघडून बघतो."

"आत काही निघालं नाही, तर पैसे पाण्यात गेले म्हणता?"

थोरला चमकला. त्यानं आधी बायकोकडं बघितलं, मग दाराच्या फटीकडं. "नाही. बरं झालं म्हणतो आणि दळायला लागतो."

"मग रेणूचंही बरं झालं म्हणू. आणि निघालंच, तर वेळेत निघालं म्हणू. तुम्ही एकटे नाही, आम्ही आहोत." मग ती सासूकडं वळली. "आई, कागदावर बघा. जिवतीच्या मांडीवर पोर, कडेवर पोर. मखर कुठं मागितलंय तिनं?"

"आणि मी हिला मुकी म्हणत होते!" सासू म्हणाली. कुणी हसलं नाही. ती उठली, देवाखालचा बटवा काढला, थोरल्याच्या हाती दिला. "जा. भूल देताना आजीला आत राहू देतात का, तेवढं पूस."

सोमवारी सारी शहराला गेली. आजीला आत राहू दिलं नाही. ती बाकावर बसली, मुठीत अक्षता. लेकरू दृष्टीआड असलं की त्या दिशेला टाकतात, तशा तिनं बंद दाराकडं टाकल्या. झाडणारी बाई रागावली, मग तिनंही हात जोडले.

संध्याकाळी थोरला मोठं पाकीट घेऊन बाहेर आला. "आई, काही निघालं नाही!" म्हणाला आणि तिथंच रडला. गाठ नाही, सूज नाही. झटक्यांना सकाळ-संध्याकाळ औषध लागलं. मग "पैसे पाण्यात गेले हो!" म्हणत त्यानं आळीभर पेढे वाटले.

पुढल्या श्रावणात ज्योत पाच फेरे फिरली, रेणूची नजर पाच फेरे फिरली. पोर म्हणाली, "आई, आता पुरे, पेढा दे."

जशी रेणूची नजर ज्योतीमागं परतली, तशी तुमच्या-आमच्या लेकरांची फिरत राहो. आत काही न निघो, निघालं तर वेळेत निघो.

बायांनी पुसलं, "बाई बाई, तुझा वसा आम्हांला सांग." साठ उत्तरं ऐकून बसलेल्या त्या घरात धाकटीनं पाच शब्दांत कहाणी सुफळ संपूर्ण केली:

"ओवाळताना लेकराचे डोळे बघत जा."