राखाडी चौकोन

सोलापुरात आमचा चादरींच्या डिझाइनचा स्टुडिओ होता. एकमेकांना जोडलेले पाच कॉम्प्युटर होते आणि त्या पाचांना मिळून एकच कलर प्रिंटर घ्यायचा होता. जुन्या प्रिंटरच्या चुकीच्या रंगांमुळे दोन मोठ्या ऑर्डरी हातच्या गेल्या होत्या. तिसरी गेली असती तर स्टुडिओला टाळंच लागलं असतं.

मालक टिळेकरसाहेबांनी दोन प्रिंटर चाचणीला मागवले; विक्रेता स्वतः ते घेऊन आला. मोठ्या प्रिंटरमधून पोपटाचं झगझगीत चित्र निघालं. "हाच घ्यायचा," साहेब म्हणाले. "रंगातलं मला कुणी शिकवू नये."

आमच्या डिझायनर हसीनाताई मुजावर उठल्या. "साहेब, दोन्हींवर एक साधा राखाडी चौकोन छापून बघू या?"

"आपण कलर प्रिंटर घेतोय, बाई, झेरॉक्स मशीन नव्हे!" साहेब हसले, विक्रेताही हसला.

हसीनाताईंनी पाचही कॉम्प्युटरवरून तोच चौकोन पाठवला. लहान प्रिंटरमधून पाचही कागद स्वच्छ राखाडी आले. मोठ्यातून आलेले सगळे गुलाबीकडे झुकलेले होते.

साहेब गोंधळले. "मग पोपट इतका छान कसा आला?"

"पोपट जरा जास्त हिरवा झाला, तरी आपण त्याचं कौतुकच करतो, साहेब. राखाडीत मात्र चुकीला लपायला जागा नसते. आणि आपलं गिऱ्हाईक पोपट बघत नाही, दिलेल्या नमुन्याशी रंग जुळवून बघतं."

साहेबांनी एक गुलाबीसर कागद उचलून नीट पाहिला. मग विक्रेत्याला म्हणाले, "मोठा परत न्या. लहान कुठे ठेवायचा, ते मुजावरबाई सांगतील."

त्या दिवशी आम्ही सगळेच मान ताठ करून घरी गेलो.