राखाडी लगदा आणि लाल गाडी

फार फार वर्षांमागे, रस्त्यांना अजून नावं पडली नव्हती त्या काळी, एका गावात एक गाडीवान राहत होता. त्याच्याकडे माणसं बसवून न्यायची एक बैलगाडी होती आणि त्याला एकुलती एक लेक होती. गाडी तीस वर्षांची आणि लेक अठराची. दोघींवर त्याचा सारखाच जीव होता, आणि दोघींमध्ये काही खोट असेल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. लेकीच्या बाबतीत ते खरंही होतं.

लेकीचं लग्न झालं. पाठवणीच्या वेळी गाडीत चढताना तिचा शालू फळीच्या कुसळाला अडकला आणि हातभर फाटला. विहीणबाई तिथल्या तिथे कडाडल्या, “व्याहीबुवा, दिवाळीला मुलीला न्यायला याल, तेव्हा गाडी धड करून या. या खरबरीत खोक्यात माझी सून पुन्हा पाय ठेवणार नाही.”

पहिली दिवाळी! ती लेकीने माहेरी केली नाही, तर बापाने तोंड कुठे लपवायचं?

गाडीवानाने ठरवलं, गाडी घरीच लालभडक रंगवायची. गावात एक म्हातारी रंगारीण होती. तिने त्याला लाल रंगाचं मडकं दिलं आणि सोबत एक दुसरं मडकंही पुढे सरकवलं. त्यात राखाडी लगदा होता.

“हे काय, मावशी?”

“अस्तर. आधी हे लाव. वाळू दे. मग दगडाने घासून काढ. मग रंग लाव.”

गाडीवानाने डोकं खाजवलं. “लावायचं, आणि घासून काढायचं?”

“हो.”

“काढायचंच आहे, तर लावायचं कशाला?”

“घासशील तेव्हा कळेल,” म्हातारी म्हणाली आणि आपल्या कामाला लागली.

आता तुम्हीच सांगा, बाळांनो, असं उत्तर ऐकून कोण गोंधळणार नाही? बिचारा घरभर तेच पुटपुटत फिरला. बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, “अहो, सांगितलंय तसं करा की!” बैलाला विचारलं, तर बैलाने शेपूट हलवलं. त्यातून काय घ्यायचं हेही त्याला कळेना.

शेवटी त्याने एका फळीला अस्तर लावलं. ते वाळलं आणि गाडीवान घाबरलाच. फळीभर खड्डे, चरे आणि ओरखडे दिसत होते! काल तर ही फळी चांगली होती, दोन कुसळं काय ती होती. त्याने दुसऱ्या फळीला अस्तर लावून पाहिलं. तिथेही तेच.

“अगं, या लगद्याने माझी गाडी खाल्ली!” तो ओरडला.

“खड्डे आधीचेच असतील,” बायको म्हणाली.

“मग तीस वर्षं मला दिसले कसे नाहीत?”

गाडीवानाने रागारागात ओल्या फडक्याने सगळं अस्तर पुसून काढलं, कुसळं तेवढी मोडली आणि थेट लाल रंग फासला. लांबून गाडी झकास दिसत होती. लांबून पुष्कळ गोष्टी झकास दिसतात.

धनत्रयोदशीला तो लेकीच्या सासरी निघाला. वाटभर ऊन होतं. कोरड्या लाकडाने रंगातलं तेल पिऊन टाकलं होतं, आणि वर उरली होती नुसती भुकटी. दारात गाडी उभी राहताच विहीणबाईंनी फळीवरून हात फिरवला. हाताला खड्डे लागले आणि तळवा लाल झाला.

“व्याहीबुवा, गाडी रंगवलीत की तिच्यावर गुलाल उधळलात?”

लेक उंबऱ्यात गाठोडं घेऊन उभी होती. तिने बापाकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं आणि आत गेली. रिकामी गाडी हाकत तो परतला तो तडक रंगारणीच्या दारात.

“मावशी, तुझ्या लगद्याने खड्डे पाडले आणि माझी लेक सासरीच राहिली!”

म्हातारीने शांतपणे त्याचा हात धरला आणि गाडीच्या तळाशी नेला. “इथे अस्तर लावलं होतंस?”

“नाही. रंगसुद्धा नाही.”

“मग डोळे मीट आणि हात फिरव.”

त्याने हात फिरवला. बोटांना खड्डा लागला. मग चरा. मग पुन्हा खड्डा. इतकी वर्षं ज्या गाडीवर तो बसला होता, ती त्याला माहीतच नव्हती. आपण आंधळे होतो की वेडे, हेही त्याला ठरवता येईना.

“रोज बघून बघून डोळ्याला सवय होते रे,” म्हातारी म्हणाली. “अस्तर खड्डे पाडत नाही. दाखवतं, आणि भरतं.”

या वेळी त्याने सांगितलं तसं केलं. भुकटी झाडली, अस्तर लावलं, वाळवलं, घासलं. घासताना बहुतेक लगदा निघून गेला. राहिला तो फक्त खड्ड्यांत. पुन्हा लावलं, पुन्हा घासलं. तिसऱ्या खेपेला हात फळीवरून असा सरकला की त्याला आपलाच हात खरा वाटेना. मग कुठे त्याने लाल रंग लावला.

या सगळ्यात तो पुन्हा लेकीच्या सासरी पोहोचला, तोवर भाऊबीजही उलटून गेली होती. विहीणबाईंनी फळीवर हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि आत वळून हाक मारली, “सूनबाई, निघायची तयारी कर.”

गाडी वेशीबाहेर पडली. लेक बापाजवळ सरकून बसली आणि म्हणाली, “बाबा, मी रोज दारात येऊन वाट बघत होते. दिवाळी तर सरली हो.”

“सरली गं,” गाडीवान म्हणाला. “म्हातारीने पहिल्याच दिवशी सगळं हातात दिलं होतं. मीच ते पुसून टाकलं.” आणि घर येईपर्यंत त्याला लेकीकडे मान वर करून बघवलं नाही.

तात्पर्य: आपली खोट दाखवणाऱ्यावर जो रागावतो, त्याची खोट तशीच राहते आणि हातची वेळ मात्र निघून जाते.