न सुटलेले उदाहरण

एकदा एका वृद्ध गणितशिक्षकांकडे त्यांचीच जुनी विद्यार्थिनी आपल्या मुलीला घेऊन आली. विद्यार्थिनीचे नाव वासंती. मुलगी चैत्राली, नववीतली. वासंती रोज तिच्याजवळ बसून बहुपदींचे गुणाकार आणि अवयव शिकवीत असे. मुलगी जरा अडली, की आई क्षणात उदाहरण सोडवून दाखवी. तरीही चाचणीत मुलीने कोरी उत्तरपत्रिका दिली आणि घरी येऊन म्हणाली, "मला डोकंच नाही. मी शाळेत जाणार नाही." त्याला आठवडा झाला होता.

गुरुजींनी तिला काहीच विचारले नाही. वही पुढे सरकवून ते म्हणाले, "बाळ, तूच मला एक उदाहरण घाल. मनात दोन कंस धर, त्यांचा गुणाकार कर आणि फक्त उत्तर मला दे. कंस मी शोधतो."

मुलीने पाठ वळवून गुणाकार केला आणि उत्तर लिहून दिले : क्षचा वर्ग, अधिक चार क्ष, अधिक बारा.

गुरुजी पुटपुटू लागले. "गुणाकार बारा, बेरीज चार हवी. दोन आणि सहा? आठ होतात. तीन आणि चार? सात. एक आणि बारा? छे." त्यांनी लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. वासंतीला चूक केव्हाच दिसली होती. ती बोलणार, तोच गुरुजींनी हात वर केला. अर्धा तास गेला. अखेर ते म्हणाले, "नाही सुटत मला."

चैत्राली चकित झाली. तिने आपले कंस पुन्हा गुणून पाहिले. "आजोबा, थांबा! सहा अधिक होते, पण दोन उणे होते. शेवटी उणे बारा हवे. माझंच चुकलं!" मग वही पुढे करून ती म्हणाली, "आता तुम्ही मला एक घाला."

गुरुजींनी वहीत एक उदाहरण लिहून दिले. ती वही घेऊन ओसरीवर गेल्यावर वासंती हळूच म्हणाली, "गुरुजी, त्याचे अवयव पडत नाहीत हे तुम्ही पाहताक्षणी ओळखलं असणार. मग हे नाटक कशासाठी?"

"नाटक नव्हे. ते खरोखरच सुटणारं नव्हतं," गुरुजी म्हणाले. "वासंती, तुझ्या हातून सारं झरझर सुटताना त्या पोरीनं पाहिलं. तिला वाटलं, ज्याला येतं तो अडतच नाही. आणि आपण अडतो, म्हणजे आपल्याला येत नाही. जाणता माणूस अडल्यावर काय करतो, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं."

वासंतीने मान खाली घातली. ओसरीवरून मुलीचे पुटपुटणे ऐकू येत होते : "तीन आणि आठ... नाही. चार आणि सहा..." मध्येच ते थांबले. बराच वेळ काही ऐकू आले नाही. वासंती उठून दारापर्यंत गेली, तिथेच क्षणभर उभी राहिली आणि परत येऊन बसली.