दुजोरा कशाला, रावसाहेब?

"…आज दिवस मावळायला कुंभारतळ्यात हत्ती उतरणार, आणि मग कुंभारांना—"

एवढंच सकवारच्या कानावर पडलं. राजसभेच्या दारातल्या दोघा पहारेकऱ्यांनी तिला येताना पाहिलं आणि जिभा आवरल्या. आता डोक्यावर एक माठ, कमरेवर दुसरा, अशी बाई बघून कुणी बोलणं अर्धं तोडतं का? तोडलं, म्हणजे ते तिच्याच घरचं बोलणं!

सकवार कुंभारीण. सोनवडीच्या राजसभेत सभासदांना पाणी पाजायचं काम तिचं. बावन्न सभासद, आणि बोलून बोलून घसे असे कोरडे पडायचे, की दिवसाला अकरा माठ पाणी लागायचं. ती आत शिरली तेव्हा हैबतराजांचाच ठराव पुढे होता : कुंभारतळं शाही हत्तींच्या अंघोळीला द्यावं. त्या तळ्याच्या मातीवर चाळीस घरांची चाकं फिरत होती!

गंमत अशी, की बहुतेक सभासद ठरावाच्या विरुद्ध होते. त्यांच्याही घरचे माठ त्याच मातीचे की! पण प्रत्येकाला विरोध भाषण करूनच करायचा होता. सकाळपासून चौघंच बोलून झाले होते. आणि सभेचा नियम असा, की मावळतीपर्यंत मतं पडली नाहीत तर राजाची इच्छा तोच निकाल.

हैबतराजे म्हणूनच पान चघळत मजेत बसले होते. "बोला, बोला! आमच्या राज्यात कुणाला अडवत नाहीत."

सकवारला राहवेना. "अहो, पण मग मतं कधी देणार?"

सभापती ताडकन उठले. "पाणी देणारीनं तोंड उघडायचं नाही!"

"असू दे हो," राजे म्हणाले. "सकवारे, तुला एवढी घाई ना? मग तूच घे मतं. मावळायच्या आत! पण कुणाला गप्प बस म्हणायचं नाही, कुणाची पाळी खायची नाही. जमलं तर तळं तुमचं. नाही जमलं तर उद्यापासून हत्तींच्या पाठी तू घासायच्या!"

सभा खो खो हसली. अजून अठ्ठेचाळीस जण बोलायचे होते आणि ऊन पश्चिमेच्या खिडकीत आलं होतं.

"जमवते," सकवार म्हणाली. "फक्त पाणी देताना एकेक प्रश्न विचारू द्या. आणि उत्तर मिळाल्याशिवाय कुणी पुढे जायचं नाही."

"दिली परवानगी! विचार!"

पहिले उठले येसाजीराव. त्यांनी मिशांवरून हात फिरवला, घसा साफ केला आणि रिवाजाप्रमाणे सुरुवात केली. हा रिवाज आजोबा-पणजोबांपासूनचा; ते वाक्य म्हटल्याशिवाय भाषण भाषणच नव्हे. "माझ्या आधीच्या सन्माननीय सभासदांनी मांडलेल्या मुद्द्याला माझा संपूर्ण दुजोरा आहे…"

सकवारनं पाण्याचा गडू पुढे केला. "कोणत्या मुद्द्याला, रावसाहेब?"

"अं?"

"काय म्हणाले हो ते आधीचे?"

येसाजीराव गडूत बघायला लागले, जणू उत्तर तळाशी होतं. "ते… माशांबद्दल काहीतरी…"

"मी माशांचं नावसुद्धा काढलं नाही!" आधीचे वक्ते नागोजीपंत ओरडले.

"मग कशाबद्दल बोललात, पंत?" सकवारनं गोड आवाजात विचारलं.

नागोजीपंतांनी डोकं खाजवलं. छताकडे पाहिलं. शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजारी घोरत होता. "चांगलं बोललो होतो," ते पुटपुटले, आणि सभेत हास्याचा स्फोट झाला.

येसाजीराव लालबुंद होऊन खाली बसले. दुसरे उठले. सकवारनं गडू उचलल्याबरोबर त्यांना अचानक उचकी लागली. तिसऱ्यांना जोडा घट्ट झाला. चौथ्यांचा वर गेलेला हात कान खाजवून खाली आला. मग काय विचारता! वाऱ्यानं पिकं आडवी व्हावीत तसे हात खाली जायला लागले.

शेवटी म्हातारे गणबा सरनाईक काठी टेकत उभे राहिले. म्हातारा एक शब्द सोडत नसे, दिवसभर कान टवकारून बसायचा! सकवारनं विचारलं, "आबा, आधीचे काय म्हणाले?"

"मी सगळ्यांचं नीट ऐकलंय, पोरी," गणबा म्हणाले. "कुणी काहीच म्हणालं नाही. त्याला माझा दुजोरा!" आणि बसले.

मतं पडली. ठरावाच्या बाजूनं अकरा, विरुद्ध एक्केचाळीस! खिडकीत अजून हातभर ऊन होतं.

राजांनी पान थुंकलं. "लबाडी! तू सगळ्यांना गप्प बसवलंस!"

"मी, महाराज? मी तर प्रत्येकाला सांगा, सांगा म्हणत होते! माझ्यासारखी बोलतं करणारी बाई या सभेला कधी मिळाली होती का?"

राजांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं, पण हट्ट सुटेना. "ते राहू दे! आज तळ्यात हत्ती उतरणार, असा हुकूम आम्ही सकाळीच देऊन बसलोय. राजाचा शब्द खाली पडायचा का?"

"कशाला पडेल?" सकवारनं रिकामा माठ उचलला. "उतरवा की हत्ती! आमची माणसं माती तुडवून तुडवून पोटऱ्या धरून बसतात. चार हत्ती तासभर नाचले, तर सहा महिन्यांची माती मळून होईल. तळं आमचं, शब्द तुमचा!"

हैबतराजे एवढे हसले, एवढे हसले, की मुकुट सभापतींच्या मांडीवर जाऊन पडला. "द्या रे बाईला सोन्याचं कडं! आणि माहुताला बोलवा!"

पहारेकऱ्यांची बातमी अर्धी तरी खरीच निघाली. दिवस मावळायला कुंभारतळ्यात हत्ती उतरले. गुडघाभर चिखलात गोल गोल फिरत होते, आणि काठावरून कुंभारणी ओरडत होत्या, "अहो, त्या कोपऱ्यात पण जरा तुडवा!"