एर्बेचा कुणगा

आंबेघोळच्या तळ्याखाली भाताचा एक कुणगा आहे. आजूबाजूची शेतं कुणाची ते गावात कुणीही सांगेल, याला मात्र सगळे नुसतं 'एर्बे' म्हणतात. पाहुण्यांनी विचारलं, की अनाजी गुरव त्यांना काठावर बसवून सांगतात, शब्द जर्मनीचा, पण त्यातली लाज आमची.

फार मागं, म्हणे, इथल्या धुरींच्या घरी दोघा भावांची वाटणी होती. तिसरा भाऊ आणि त्याची बायको तापाच्या साथीत गेलेली. त्यांची पोर जिऊ त्या दिवशी पंचांना पाणी देत फिरत होती. जमीन दोघांतच वाटली. जिऊच्या बापाचा वाटा कुणी काढलाच नाही. धाकट्याची नवी नवरी सगुणा दाराआड उभी होती. सासूनं लग्नात तिच्या हातात घातलेल्या पाटल्या जिऊच्या आईच्या होत्या. ते तिला ठाऊक होतं, आणि तरी त्या तिला आवडल्या होत्या.

पडवीत एक जर्मन पाद्री मुक्कामाला होता. मराठी स्वच्छ बोलायचा. थोरल्यानं गमतीनं विचारलं, "काय पाद्रीबाबा, बापामागं मिळतं त्याला तुमच्यात काय म्हणतात?"

"एर्बे."

"म्हणजे जमीनजुमलाच ना?"

"आता तेच. पण शब्द फार जुना. जाणकार सांगतात, मुळाशी मायबाप गेलेलं पोर आहे. तुमचं 'अर्भक' त्याच्याच गोतातलं. आधी शब्दाचा अर्थ ते पोर, मग त्याच्याकडे येतं ते धन." एवढं बोलून त्यानं जिऊच्या हातून तांब्या घेतला. "बाळ, तू कुणाची गं?"

पंच पानाला चुना लावू लागले.

तेव्हा सगुणा बाहेर आली. पाटल्या उतरवून तिनं जिऊच्या हातात घातल्या. त्या पार कोपरापर्यंत गेल्या.

नवरा दबक्या आवाजात म्हणाला, "अगं, चारचौघांत काय हे!"

"चारचौघांतच घेतलं ना आपण तिचं?"

थोरल्यानं मान वर न करताच तळ्याखालचा कुणगा, सगळ्यांत कसदार, जिऊच्या नावे सोडला. त्या कुणग्याला 'जिऊचा वाटा' म्हणायचं, तर तो कोण गिळत होतं तेही सांगावं लागलं असतं. म्हणून परका शब्द सोयीचा पडला, असं सांगतात.

आजही आंबेघोळात वाटणीला बसले, की धाकटी सून हातातलं सोनं काढून मधोमध ठेवते आणि विचारते, "कुणाचं पोर राहिलं का?" उत्तर येईपर्यंत सगळ्यांच्या माना खाली. परगावच्यांना वाटतं, देवाचं स्मरण चाललंय. गावकरी त्यांना तसंच वाटू देतात.