डब्यात जपलेली पुडी

एकदा एका गुऱ्हाळावर हंगामाची शेवटची काहील, रस आटवायची मोठी कढई, चढली होती. गुऱ्हाळ आणि ऊस, दोन्ही एका वृद्ध गुळव्याचे. शेवटची काहील शिष्याने एकट्याने उतरवायची, गूळ साधला तर ढेप त्याच्या नावाने बाजारात जायची, असा तिथला रिवाज होता. नाही साधला, तर आणखी एक वर्ष हाताखाली. त्याच्या शिष्याने तीन हंगाम या दिवसाची वाट पाहिली होती.

आठ दिवसांपूर्वी एक व्यापारी येऊन गेला होता. वृद्धाचा तांबूस-काळा गूळ पाहून तो हसला. “हा गूळ आहे की डांबर? गिऱ्हाइकाला पिवळाधमक लागतो, बाबा!” जाताना त्याने शिष्याच्या हातात पांढऱ्या भुकटीची पुडी सरकवली. “रस उकळताना चिमूटभर टाक. जबरदस्ती नाही हं. असू दे जवळ.” ती पूड खाणाऱ्याच्या पोटाला बाधते, हे दोघांनाही ठाऊक होते. त्याविषयी कुणी बोलले नाही. शिष्याने पुडी ठेवून घेतली, पण वापरायची नाही असे ठरवले. त्या निश्चयाचा त्याला थोडा अभिमानही वाटत होता.

आता रसाला दाट बुडबुडे आले होते. भाकरीसाठी मीठ शोधत वृद्धाने फळीवरचा एक डबा उघडला.

“हे काय रे?”

“व्यापाऱ्यानं दिलंय, आबा. मी टाकणार नाही. देवाशप्पथ.”

वृद्ध चुलाणात चिपाड सारणाऱ्या गड्याकडे वळून म्हणाला, “जाळ ओढ बाहेर.”

“आबा! गूळ साधायला आलाय!”

“आधी ही पुडी परत देऊन ये.”

“काहील उतरवून जातो की. नाहीतर तुम्ही नेऊन द्या!”

“मला कुणी दिलेली नाही.”

शिष्याचा आवाज चढला. “एक चिमूट तरी टाकली का मी? मग शिक्षा कसली?”

वृद्धाने डबा त्याच्यासमोर धरला. “नाही टाकलीस, खरं आहे. पण इकडं बघ. वाफेनं मिठाचं पाणी झालं, काड्यापेटी सादळली, तुझं प्रार्थनेचं पुस्तक फुगलं. ते सगळं उघड्या फळीवर. आणि ही पुडी मेणकापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात! जे वापरायचंच नाही, ते माणूस ओलीपासून कशाला जपेल? रोज सकाळी देवाला विनवतोस, मोहापासून लांब ठेव म्हणून. त्यानं तुला लांब ठेवायचं कसं? तू मोहाला हाताशी जागा करून दिलीस. आपल्या शास्त्रात मोहाजवळ बसून ताकद अजमावायला सांगितलेलं नाही, लेका. तिथून पळायला सांगितलंय.”

शिष्याने काहिलीकडे पाहिले. रस काळपट होत चालला होता. मघाशी तो काळपट दिसू लागला, तेव्हा आपली नजर दोनदा त्या डब्याकडे गेली होती, हे त्याला आठवले. तो पुडी घेऊन निघाला.

व्यापारी दुकानातून म्हणाला, “अरे, राहू दे! पुढच्या वर्षी कामाला येईल.” शिष्याने वाद घातला नाही. पुडी गादीवर ठेवली आणि पायऱ्या उतरला.

तो परतला तेव्हा काहिलीत ढेप धरेल असा गूळ नव्हता. पातळ काकवी झाली होती. त्या वर्षी त्याचे नाव बाजारात जाणार नव्हते.

“रंग कसा आलाय?” वृद्धाने विचारले.

“काळाच.”

“आणि चव?”

शिष्याने बोट बुडवून चाखले. मग काकवी भरायला त्याने बरण्या धुवायला घेतल्या.

मोह नाकारला असे सांगणारे आपल्याकडे पुष्कळ भेटतात. तो नेऊन परत कुणाच्या दारात ठेवला, एवढे त्यांना विचारावे.