म्हाळसाईचा पडका आवा

हां, तिथं पाय देऊ नका, राखेखाली खापऱ्या आहेत, तळव्यात घुसतील. हा आमच्या कुंभारआळीचा आवा. म्हणजे मडकी भाजायची भट्टी. तीन बाजूंनी भिंत उभी आहे, पूर्वेची पडकी. बांधायला माणसं नाहीत असं नाही. बांधायची नाही, हा रिवाज आहे.

फार मागं इथं म्हाळसाई नावाची विधवा कुंभारीण राहायची. बाई इतकी भित्री, की कुत्रं भुंकलं तरी दाराला कडी घालायची, असं सांगतात. त्या वर्षी वरच्या गावात एका मोठ्या घरी लग्न निघालं होतं आणि लग्नाची मडकी तिच्याकडे होती. सकाळी तिनं आवा रचला, वर पेंढा पसरला आणि विस्तव आणायला घरात गेली. खापरीत निखारे घेऊन परत येते तर काय, भिंतीवर हळदीचा ओला पंजा. आणि आतून कुणी तरी खोकलं.

तिनं पेंढा उचलून पाहिलं. मडक्यांच्या मागं दोन पोरी एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या. एक खुद्द नवरी, गिरजा. दुसरी ठकू. दोघींचा एकमेकींवर जीव होता, नुसत्या मैत्रिणींसारखा नव्हे. जन्म काढायचा तो एकमेकींबरोबरच, असं ठरवून हळदीच्या अंगानं पळाल्या होत्या. ठकूला विहिरीत ढकलायचं घरात बोलणं झालंय, एवढंच गिरजा कसंबसं बोलली.

तेवढ्यात गिरजाचा मामा चार गड्यांना घेऊन आलाच, हातात काठ्या. म्हाळसाईनं पेंढा सोडला. पोरी इकडं आल्या का, असं त्यानं विचारलं. नाही, म्हणाली. मामाची नजर फिरत फिरत त्या पिवळ्या पंजावर थांबली. तो आव्याच्या तोंडाशी जाऊन बसला म्हणे.

"मग पेटव की, म्हातारे," तो म्हणाला. "विस्तव हातातच आहे. थांबलीस कशाला?"

त्याला सगळं कळलं होतं. आणि तरी त्याला तेच हवं होतं! म्हाळसाईनं पेटवलं तर पोरी जिवंत जळणार. नाही पेटवलं तर हे लोक ओढून नेणार, आणि मध्ये पडली म्हणून हिचंही डोकं फोडणार. तिला पळून जावंसं वाटलं, असं ती पुढं स्वतःच सांगायची.

पण तिनं खापरी पाण्याच्या कुंडीत टाकली. तोंडाशी मामा बसलेला, म्हणून पूर्वेची भिंत पायानं ढकलून पाडली. लग्नाची सगळी मडकी फुटली. त्यातून राखेनं माखलेल्या दोन पोरी बाहेर आल्या आणि तिच्या पाठीशी दडल्या.

"आव्यातून निघालं ते कुंभाराचं," म्हाळसाई म्हणाली. दातावर दात आपटत होते तिचे. "मी दिल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

मामानं काठी उचलली. तेव्हा आळीतली चाकं एकेक करून थांबली. माणसं, बायका मातीच्या हातांनी बाहेर आल्या आणि म्हाळसाईच्या मागं उभ्या राहिल्या. ह्या पोरींना धक्का लागला तर तुमच्या गावाला लग्नाला मडकं नाही आणि मढ्यापुढं धरायलाही नाही, असं त्यांनी बजावलं. मामा गेला, पण वळून वळून बघत गेला. पोरी इथंच राहिल्या, इथंच म्हाताऱ्या झाल्या. भीती मात्र लवकर गेली नाही हो. ठकू कित्येक वर्षं विहिरीवर एकटी जायची नाही.

आजही आवा पेटवण्याआधी आळीतली एक बाई त्या पडक्या बाजूला उभी राहून तीनदा हाक मारते, "आत कोण असेल तर बाहेर या, लेकरांनो. आळी तुमचीच आहे." मग सगळे कान देऊन ऐकतात. बहुतेकदा आतून काही येत नाही. चार वर्षांमागं तिसऱ्या हाकेला हुंदका आला. मुलगा म्हणून वाढवलेली एक पोर होती, कॉलेजातली, बहिणीचा ड्रेस घातलेली, पाठीवर पट्ट्याचे वळ. तिचा बाप जीप घेऊन मागं आला तेव्हा आम्ही सगळे घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू? पण चाकं थांबली.

ती समोर पेंढा पसरतेय ना, तीच ती, आमची मंजिरी. औंदा हाक तिनं मारायची आहे. सकाळपासून तीच हाक पुटपुटतेय ती.